मिठाचा लोटा

बस गं शिवकन्या, भरल्याबिगर जीप गोरेगाव सोडत न्हाई — च्या पी. लेकरू झोपलंय, ऱ्हाऊ दे मांडीवर. रडू नको. हरिचंद म्हैनाभरात येईल माहेराहून न्यायला, सासराच हाय तुजा, वैरी न्हाई. आमच्या नायकांनी मला मुद्दाम धाडलं, पोरीला जीपात बसवून ये म्हणून. पण तुजंबी थोडं चुकलंच — सगळ्या तांड्यानं शपथेचा लोटा उचलला, तूच काहून अडून बसलीस? मत गुपित असतंय म्हणं. असंल शाळेत. तांड्यात बापयांनी पाण्यात मीठ टाकून शब्द दिला की घरच्या बायांचंबी मत त्यातच विरघळलं, आपल्याला कोण इचारतं? अन् ज्याला शब्द दिला तो पंचायत समितीला दोन मतांनी पडला. मशीन आल्यापास्नं कोण्या गावात कोणाला किती, समदं कळतंय — आपल्या तांड्यात त्या अपक्ष जनकाबाईला एक. एकच. ते धरलं तरी पडतच व्हता तो, पण नायकाचं नाक गेलं ना. मंग सेवाभायाच्या देवळाम्होरं परत लोटा मांडला — मत फोडलं न्हाई म्हणा अन् उचला. तू न्हाई उचलला. झालं, तूच चोर.

मी उचलला. नायकीणच पयली. — खरं सांगू, जनकाबाई वाईट न्हाई. दोन्ही पार्ट्यांचे लोक बापयांशीच बोलून जातात, ही नळावर आली अन् मला म्हणली, बाई, तुमचं नाव काय? लगीन झाल्यापास्नं मी सून, मंग नायकीण — झमकू म्हणायला जीभच अडली बघ. तिची निशाणी कपबशी, पार खाली व्हती, शेवटाच्या बटणाच्या वर. दाबलं तर केवढं लांब वाजलं, मला वाटलं भाईर उभ्या आमच्या ह्यांना —

अशी काय बघतीस?

न्हाई पोरी, मला न्हाई सांगता येणार. लोटा उचलून खोटं बोलले म्हणल्यावर ह्यांचं नायकपण जाईल, अन् मला घरात कोण ठिवंल? तुला माहेर तरी हाय, माजं कोण राहिलंय? लई भ्या वाटून राहिलंय गं. तू शिकलेली, तुजं निभंल — जीप भरली बघ. पिशवी घे. लेकराचं डोकं झाक, वारं हाय. परत काहून बसलीस खाली? ऊठ. तो हारन वाजवून राहिला. जाय म्हणते ना.