मिठागरावरून आलेला माणूस

सूछिन : शांती नावाची इथं कुणी राहत नाही. घर चुकलात तुम्ही.

रुइशान : ‘शांती असो’ म्हणालो, बाई. नमस्कार केला.

सूछिन : असा नमस्कार आता कुणी करत नाही. ‘जेवलात का’ म्हणतात.

(१९८०चा वसंत. चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. म्हातारी सूछिन दारात बसून फाटकं जाळं सांधते आहे. समोर पन्नाशीचा एक अनोळखी माणूस. आत तिची मुलगी युनशिया शेंगा सोलते आहे; छिंगमिंगच्या, पितरांच्या सणाला दोन दिवसांसाठी आलीय.)

रुइशान : बरं. जेवलात का?

सूछिन : जेवले. निघा आता.

रुइशान : पाळकीणबाई, मी फार लांबून...

सूछिन : कोण पाळकीण? मी जाळी सांधते. आणि तुमची बोली इकडची नाही. कुणी धाडलं? गल्ली समितीनं?

रुइशान : कुणीच नाही. माझं नाव मा रुइशान. थाओ पाळकांबरोबर मी मिठागरावर होतो. तिकडे पश्चिमेला, छिंगहायच्या खाऱ्या तळ्याकाठी, कैद्यांच्या छावणीत.

सूछिन : त्या माणसाशी माझा संबंध उरला नाही. काडीमोड झालाय आमचा. गावात कुणालाही विचारा.

रुइशान : विचारलं. तुमचं घर दाखवायला कुणी तयार होईना. एक बाई तर नाव ऐकून थुंकली.

सूछिन : थुंकू दे. सवय आहे मला.

रुइशान : आपलं ख्रिस्ती देऊळ परत मिळालंय, ऐकलंत ना? सुक्या मासळीचं गोदाम केलं होतं, ते रिकामं झालं. लोक फरशी घासतायत. रविवारी पहिली उपासना.

सूछिन : ऐकलं. मागंही असंच झालं होतं. मोकळं बोला, मनातलं बोला, सरकारी लोक म्हणाले. जे बोलले ते गेले. आधी दाणे टाकायचे, मग जाळं ओढायचं. मला जाळ्यातलं नका शिकवू.

रुइशान : तुमचा विश्वास बसावा असं माझ्याजवळ काही नाही.

सूछिन : का? प्रार्थना पाठ करून घेतली नाही तुमच्याकडून?

रुइशान : येते की. पण ती खबऱ्यालाही येईल.

सूछिन : हं. हे मात्र खरं बोललात. छावणीत कशापायी होता?

रुइशान : चोरी. सरकारी कोठारातली ज्वारी. देवाधर्माचं मला काही ठाऊक नव्हतं. थाओ माझ्या शेजारी झोपायचे. मला ताप भरला तेव्हा आपल्या वाट्याचं पाणी पाजलं त्यांनी. पुढं कधीतरी त्याच मगातल्या घोटभर पाण्यानं माझा बाप्तिस्मा केला.

सूछिन : चोराचा खबऱ्या व्हायला कितीसा वेळ लागतो?

रुइशान : नाही लागत. तसे झालेलेही पाहिलेत मी.

सूछिन : मग एक सांगा. ते गायचे कसे? नीट आठवून सांगा. गावात विचाराल तर पाळक सुरेल गायचे असंच सांगतील.

रुइशान : सुरेल? फुटक्या भोंग्यासारखं गायचे, बाई. एक सूर जागेवर नाही. पहारेकरीसुद्धा ओरडायचे, गप बस म्हणून.

सूछिन : आणि?

रुइशान : आणि काय, गप्प बसायचे नाहीत. म्हणायचे, देवळात बायको पेटी वाजवायची, मी चुकलो की ती मुद्दाम जोर लावायची. लोक माझी तारीफ करत घरी जायचे. शेवटच्या हिवाळ्यात म्हणाले, मी आधी जातो, ती मागून येईल. तोवर देवदूतांना माझं गाणं सोसावं लागणार.

सूछिन : शेवटच्या हिवाळ्यात.

रुइशान : हो.

सूछिन : म्हणजे गेले ते.

रुइशान : तुम्हाला कळवलं नाही कुणी?

सूछिन : काडीमोड घेतलेल्या बाईला कोण कळवतं?

रुइशान : मला वाटलं... माफ करा, बाई. झोपेतच गेले. टेकडीच्या उतारावर मीच पुरलं त्यांना. पाय पूर्वेकडे करून. तसं सांगून ठेवलं होतं त्यांनी. प्रभू उठवील तेव्हा उठल्याउठल्या समुद्राच्या दिशेला बघायचंय, म्हणाले.

सूछिन : समुद्र काय तिथून दिसतोय.

रुइशान : नाही दिसत. मीही तेच म्हणालो. तर म्हणाले, दिशा बरोबर असली की झालं.

सूछिन : असंच बोलायचे. असंच.

रुइशान : एक निरोपही आहे. ‘तिला सांग, सही करायला मीच सांगितलं होतं. ते ओझं आता खाली ठेव म्हणावं.’

सूछिन : हळू बोला. आत मुलगी आहे.

युनशिया : मुलीनं ऐकलं, आई.

सूछिन : तू शेंगा सोल.

युनशिया : तू बाबांना टाकलंस म्हणून मी वर्षवर्ष इकडं फिरकत नव्हते. आणि सही त्यांनीच करायला लावली होती?

सूछिन : त्यांना नेण्याआधी एकदा भेटू दिलं. म्हणाले, सही कर, पोरीला शाळेत तरी घेतील.

युनशिया : मला सांगायचं होतंस.

सूछिन : एवढीशी होतीस. शाळेत बाई विचारायच्या, घरी आई काय काय बोलते. लहान तोंडात एवढी गोष्ट राहिली नसती.

युनशिया : आणि मोठी झाल्यावर?

सूछिन : मोठी झालीस, तूच शाळेतली बाई झालीस. मग तुझीच भीती वाटायला लागली.

युनशिया : माझी?

सूछिन : कुणाची वाटत नव्हती? रात्री मी प्रार्थना करायचे तीसुद्धा ओठ न हलवता. देवाला ऐकू जात होती की नाही, कोण जाणे.

रुइशान : जात असणार, बाई. मी पोचलो ना इथवर.

सूछिन : तुमची पारख अजून व्हायची आहे. हे किती दिवस टिकेल, ते सांगा. देऊळ पुन्हा बंद केलं तर?

रुइशान : मला माहीत नाही.

सूछिन : बरं झालं. माहीत आहे म्हणाला असतात, तर रविवारी देवळात आले नसते. दाराजवळच्या बाकावर बसेन. पेटीबिटी वाजवणार नाही. कुणाशी बोलणार नाही.

रुइशान : नका बोलू. या फक्त.

युनशिया : काका, दाराजवळ दोन जागा धरा.