लटारूभाऊ झोपले होते का?

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय देवरावभाऊ, मंचावर बसलेले आणि खुर्च्या कमी पडल्याने मंचाच्या कडेला टेकलेले मान्यवर, सत्कारमूर्ती डॉ. नूतन खोब्रागडे, त्यांच्या मातोश्री मीराबाई, भामरागडकडून बसने आलेली पाहुणेमंडळी आणि अहेरीकर बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम, जय सेवा.

मी हरिदास, एसटीतला निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर 'पुढे सरका' एवढंच भाषण केलं, तेव्हा सांभाळून घ्या. सकाळी हा सत्कार समारंभ होता, जेवणानंतर तो निरोप समारंभ झाला. कसा झाला, हे सांगणं मला भाग आहे, कारण हारांची ऑर्डर माझीच.

आपली नूतन मेंदूची संशोधक. वर्षानुवर्षं खपून तिने एक शोधनिबंध छापून आणला. त्यात म्हटलंय, मोहफुलाचा वास आला की माणसाचा मेंदू अगदी शांत होतो. भामरागडकडच्या गावांतल्या माणसांना तारांची टोपी घालून तिने मेंदूच्या लहरी मोजल्या. पण नुसता निबंध लिहून भागत नाही म्हणे. दुसऱ्या कोणी त्याच्या निबंधात तुमचा उल्लेख करावा लागतो. त्याला सायटेशन म्हणतात. नूतनच्या निबंधाचा उल्लेख आजवर फक्त नूतननेच केला होता. नोकरी तात्पुरती. बाहेरचं एक तरी सायटेशन आलं तर नोकरी पुढे चालू, नाहीतर घरी. आणि गेल्या महिन्यात परदेशातल्या एका शास्त्रज्ञाने तिचं नाव घेतलं! मग काय विचारता? मंडप घातला, बँड सांगितला. ती आठवडाभर म्हणत होती, "काका, आधी ऐका तं खरं." आम्हाला वाटलं, पोरगी लाजते.

आज पंगतीत प्राध्यापक प्रफुल यांनी ते वाक्य मोठ्या हौसेने मराठीत वाचलं: 'खोब्रागडे यांचा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. अशा लहरी झोपेत दिसतात. त्यांनी तपासलेली माणसं बहुधा झोपलेली असावीत.'

पंगत थांबली. निबंधातला पहिला मेंदू ज्यांचा, ते लटारूभाऊ वरणाचा हात तसाच घेऊन उभे राहिले. "मी काई झोपलो नोतो! त्याले म्हणा, इथी येऊन बोल!" टाळ्या पडल्या. 'आमची माणसं जागीच होती' असा ठराव देवरावभाऊंनी तिथल्या तिथे मांडला. हात वर होत होते, तेवढ्यात लटारूभाऊंच्या पत्नी धुरपताबाई पानावरून मान न उचलता म्हणाल्या, "काऊन खोटं बोलता जी? टोपी घातली अन् घोराले लागले. पोरीले वाटलं, वासानं शांत झाले. मी म्हटलं, थकले असन, कायले उठवाचं?"

शास्त्राच्या भाषेत याला दुसऱ्या तज्ज्ञाचा अभिप्राय म्हणतात, असं प्रफुलसरांनी सांगितलं. ठराव मागे घेण्यात आला.

मी नूतनला बाजूला घेतलं. म्हटलं, "मनावर कायले घेतं? नोकरी देणारे मोजतात, वाचत नाईत. चूक काढाले का होईना, नाव घेतलं न!" ती म्हणाली, "काका, लटारूमामा झोपले असन तं माहा निबंध मागं घ्या लागन. मग सायटेशनबी गेलं अन् नोकरीबी गेली. पण खरं काय ते मले माहीत पाह्यजे." उद्या पहिल्या बसने ती यंत्र घेऊन भामरागडला निघते आहे. पावसाने रस्ता बंद झाला तर तिकडेच अडकेल. वाळवलेला मोह घरोघरी आहेच. या वेळी प्रत्येक टोपीशेजारी धुरपताबाई बसणार आहेत, जागं ठेवायला.

आता बाहेरच्या फ्लेक्सबद्दल. शुभेच्छुकांच्या रांगेत आम्ही त्या शास्त्रज्ञाचाही फोटो छापला होता, इंटरनेटवरून काढून. जेवणानंतर काही मंडळी कात्री घेऊन निघाली. मीराबाई आडव्या आल्या. "राहू द्या जी. इतक्या वर्सांत माया पोरीनं लिहिलेलं पूर्ण वाचणारा तो एकच माणूस निघाला. तुमच्यातल्या कोनी वाचलं का?"

कात्री परत पिशवीत गेली. मीही वाचलेलं नाही.

नूतन, तुझा मला फार अभिमान वाटतो आणि तुझ्या नोकरीची धास्तीही वाटते. दोन्ही खरं आहे. जा, बाई. मंडपवाले, बँडवाले, स्वयंपाक करणाऱ्या भगिनी आणि ते परदेशातले गृहस्थ, सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर नुसतं माफ करून सोडू नका, पुढे येऊन सांगा. फ्लेक्सवर अजून एका फोटोची जागा आहे.