वजन गेलं अन् कणीक मळेना

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही चांगलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर वहीत लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतंच. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून हे लिहिते आणि पेटीत ठेवते. पुष्पाबाई माझी मोठी जाऊ. केनवडला आमचं अंगण एक आहे, चुली दोन. ती दुपारी तूर निवडताना बोलते आणि मी ऐकते. मी हे लिहिते एवढं तिलाच माहीत आहे. बोलणं तिचं आहे, तिच्या तोंडचं तसंच ठेवलं आहे. चुका तेवढ्या माझ्या.

काय सांगू तुले शोभा, मी मुळची धनजची, बापाच्या घरी आमी पाच बहिणी अन् मी मधली, बाप दळणाच्या गिरणीवर कामाले होता, घरी आला की त्याच्या पापण्याही पांढऱ्या राहत, आमी त्याले पाहून हासत होतो अन् माय म्हणे हासू नका, ह्याच पिठावर तुमी पाचजणी पोसल्या. तर पिठाची अन् माही ओळख तवापासूनची. लग्न होऊन इथं आली, सासू म्हणे पोळ्या येतात का, म्या म्हटलं हाव, तिनं माही एक पोळी खाल्ली अन् दुसऱ्याच महिन्यात मले शेवंताबाईच्या टोळीत घालून देल्लं. तुले तर मालूमच आहे ते काम, पण लिहूनच राह्यली तर लिही, लग्नात पाचशे-सातशे पान उठते, त्याच्या पोळ्या कराले आमी आठ-दहा बाया जातो, काही लाटतात, काही शेकतात, अन् एक जण नुसती कणीक मळते. ती एक म्हणजे मी.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माहं अंग वाढत गेलं, थायराइड म्हणे, मंग शुगर, मंग बीपी, पण मले सुरुवातीले त्याचं वाईट नाई वाटलं, काहून की कणकीले ते अंग कामी येत होतं. परातीपुढं गुडघ्यावर बसायची, दोन्ही मुठी कणकीत टेकवायची अन् नुसती पुढं झुकायची, हाताले काही करावंच लागत नव्हतं, वरून एकशे एकवीस किलो दाबत होते. शेवंताबाई म्हणे पुष्पीले पाहून कणीक भेवूनच मऊ होते. तीस किलोची कणीक मी एकटी मळत होती अन् त्याले मी ताकद समजत होती. वीस वर्षं समजत होती बाप्पा.

मंग दम लागू लागला. एसटीची पायरी चढवेना, कंडक्टर वरून हात देये अन् खालून कोणी रेटे. झोपीत श्वास अडके, तुहे भासरे, म्हणजे माहे मालक, उठून बसत अन् माह्या तोंडाकडं पाहत राहत. वाशीमच्या डॉक्टरनं नागपूरले धाडलं, तिथं म्हणे पोट लहान करायचं ऑपरेशन करावं लागते, नाई तर ह्या बाईचं काही खरं नाई. पैसे आमी जमवले जमवले अन् चाळीस हजार कमी पडले. ते तू देल्ले. शेळ्या इकून अन् ब्लाउज शिवून ठेवलेले, माह्यापुढं ठेवले अन् आत निंघून गेली. तू कधी मांगितले नाई, मांगणारही नव्हती, पण म्या तवाच मनात धरलं, ह्या हातानं कणीक मळून हे पैसे शोभाचे शोभाले देईन, दुसऱ्या कोणाच्या हातानं नाई.

ऑपरेशन झालं अन् मंग जे पाह्यलं ते म्या जन्मात पाह्यलं नव्हतं. अंग उतरून राह्यलं होतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरते अन् मधातले गोटे दिसू लागतात ना, तसे माहे हाडं वर येऊन राह्यले होते. एक दिवस आंघोळीले बसली तर गळ्याखाली बोटाले काही टणक लागलं, मी भेली, गाठ आली का काय, तुले बलावलं, तू चाचपून पाह्यलं अन् हासली, म्हणे बाई हे हाड आहे, मलेही आहे. माहं मलेच मालूम नव्हतं. बोटातली अंगठी भांड्यात गळून पडे. चालताना पायाचा आवाज येत नव्हता, तुहे भासरे दचकत, म्हणत अवं येताना खोकलत तं जाय.

लोकायचं तर काय सांगू. नळावर बाया म्हणत, पुष्पाबाई अर्धी नागपूरले ठेवून आली का. कोणी तोंडावर म्हणे, कोणी मांगं कुजबुजे, मोठा रोग झाला म्हणत हिले, दोन मयन्याची सोबती आहे. मी हासून टाळत होती. पण खरं सांगू, मले आतून रिकामं रिकामं वाटे. भरली घागर कमरेवर घेता येईना. अन् अंगावरची कातडी सारी लोंबून राह्यली होती, पोटाची तर लुगड्याच्या घडीसारखी, तिथं घाम साचे, आग होये.

तवा बाळंतिणीचं पोट बांधतात ते माह्या डोक्यात आलं. आपल्या इथं बाळंत झालेल्या बाईचं पोट लुगड्यानं करकचून बांधतात, आत बसते म्हणतात, म्या म्हटलं हेही तसंच, आत बसंल. मायचं जुनं लुगडं काढलं अन् तीन वेढे मारून असं बांधलं की श्वास वरच्या वर राहे. ऑपरेशनले पाच मयने झाले होते, चाळीस किलो उतरले होते, लग्नाचा सिझन लागला होता, अन् नागपूरच्या दवाखान्यात व्यायाम सांगणारा एक पोरगा होता, त्यानं कागदावर लिहून देल्लं होतं का दाखवाले या, हळूहळू व्यायाम सांगू, डाळ अन् अंडे खा. मी गेलीच नाई. व्यायाम कायले, म्या म्हटलं, मी काय रिकामी बसलेली आहे का, माहं काम हाच व्यायाम. अन् चहाच्या दोन घोटावर रिसोडच्या बाजूनं लग्नाले गेली.

परात पुढं आली. गुडघ्यावर बसली, मुठी टेकवल्या, पुढं झुकली, अन् शोभा, कणीक दबेचना. मी झुकून राह्यली अन् ती तशीच. जशी काही मले ओळखतच नाई. पुन्हा झुकली, जोर लावला, पोट तर बांधलेलं, श्वास खाली जाईना, बीपीची गोळी सकाळी घेतलेली, तीही एकशे एकवीस किलोच्या बाईची, कमी करून घ्याची असते ते कोणाले मालूम. कानात शिट्टी वाजली अन् मी परातीतच तोंडघशी पडली. बायांनी उचललं तर माह्या तोंडाले सारी कणीक. शेवंताबाईनं पाणी मारलं, लुगडं सोडलं, अन् पोट पाह्यलं तर कातडीले चट्टे, दोन जागी फुटलेली. ती माह्यावर कधी कातावली नव्हती, त्या दिवशी म्हणे, पुष्पे, मराले माहीच परात भेटली का तुले. घरी जाय. तुह्या जागी लाटणाऱ्या रंगूले बसवतो मी. बस, एवढं आयकलं अन् मले त्या चट्ट्यापेक्षा तेच जास्त लागलं.

वाशीमले डॉक्टरनं पह्यले गोळ्या पाह्यल्या अन् अर्ध्या काढूनच टाकल्या. मंग व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडं धाडलं, आपल्या पोरीएवढी असंल ती. मले म्हणे काकू, वजन गेलं ते नुसती चरबी नाही गेली, बरोबर मांसही गेलं. तुम्ही आधी वजनानं मळत होत्या, आता ताकदीनं मळावं लागेल, अन् ती ताकद तुमच्याकडं अजून नाही, ती तयार करावी लागेल. वीस वर्षाचा माहा भरम त्या पोरीनं उभ्या उभ्या फोडला. म्या इचारलं, किती दिवस लागतील. म्हणे दिवस नाही, महिने. अन् पोट बांधायचं नाही, आधार द्यायचा, अशी मऊ पट्टी भेटते, बोट आत गेलं पाहिजे एवढी ढिली, अन् घड्या कोरड्या ठेवायच्या, कातडी फुटली तर आधी डॉक्टरले दाखवायची.

तिनं काय सांगितलं तर खुर्चीवरून उठायचं अन् बसायचं. म्या म्हटलं हा काय व्यायाम आहे. म्हणे करून दाखवा, हात न टेकवता. अन् मले चौथ्याले उठवेना. तिथंच डोळ्यात पाणी आलं. ती म्हणे रडायचं नाही काकू, आज तीन, हे तुमचं आजचं माप. घरी आल्यावर तू दारात बसून मोजत होती, आठवते का, सातव्या दिवशी पाच, अन् तू तोंडातल्या तोंडात मोजे, मले काही आयकूच येत नव्हतं, मी म्हणे अवं मोठ्यानं मोज, मले आकडा लागते.

दुसरं म्हणजे भिंत रेटायची. भिंतीपुढं हातभर दूर उभं राहून तळवे टेकवायचे, छाती भिंतीकडं न्यायची अन् रेटत मांगं यायचं, रेटताना श्वास बाहेर सोडायचा, कोंडायचा नाई. गोठ्याच्या भितीशी मी रेटून राह्यली तर पलीकडच्या काकी म्हणे, पुष्पा, भीत पडून राह्यली का वं. म्या म्हटलं, पाडूनच राह्यली. मंग पाण्याच्या बाटल्या दोन हातात, अर्ध्या भरलेल्या, मंग पूर्ण. चालणं सकाळी शाळेच्या मैदानात, काही खाऊनच, उकडलेलं अंडं नाई तर डाळीचं वाटीभर, अन् असं चालायचं का सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. तू तर बोलतच नाई, तर मीच दोघींचं बोलत होती. चक्कर आली तर बसायचं, लाजायचं नाई. छातीत दुखलं तर सरळ दवाखाना. पाणी एकदम नाई पिता येत आता, घोट घोट दिवसभर. अन् मधात एक दिवस आराम, तो आराम मले सगळ्यात जड गेला.

पण शोभा, काय काय पाह्यलं म्या त्या मयन्यायत. पावसाळ्यात एक दिवस जमिनीवरून उठली अन् उभी झाल्यावर ध्यानात आलं का हात टेकवलाच नाई. पुन्हा बसली. पुन्हा उठली. घरात कोणी नव्हतं, मी सहा वेळा उठली-बसली, जसं काही ते दुसऱ्याच कोणाचे पाय आहेत अन् मले चालवाले देल्ले. विहारात पौर्णिमेले पालथी मांडी घालून बसली, पंधरा वर्षानं, वंदना सुरू होती अन् माहं ध्यान सारं माह्या गुडघ्याकडं. दंड वाकवला तर लोंबत्या कातडीच्या आत काही तरी हाललं, लिंबाएवढं, टणक. म्या तुह्या हातानं ते चाचपवलं. तू म्हणे बाई, बेटकुळी आहे. म्या म्हटलं बायाले असते का. कातडी तशीच लोंबते अजून, ते काही जात नाई म्हणे व्यायामानं, लोंबू दे. तिच्या आत कोणी तरी येऊन राह्यलं होतं.

वजन सत्तरवर थांबलं. मॅडमनं दुसऱ्या सिझनच्या आधी तपासलं अन् म्हणे आता मळा, पण पाच किलोपासून, अन् गुडघ्यावर नाही, परात टेबलावर ठेवून उभ्यानं. शेवंताबाईकडं गेली तर ती म्हणे पुन्हा पडशील तं मी उचलणार नाई. म्या म्हटलं नको उचलू, पह्यले पाह्य तं खरं. लग्नघरून बाक मांगवला, त्याच्यावर परात ठेवली, बाया हासून राह्यल्या, हाटेलवाली आली म्हणत. म्या मुठी टेकवल्या. झुकली नाई. पाय रोवले, श्वास सोडला अन् रेटली, त्या गोठ्याच्या भितीसारखी, अन् कणीक हालली. हळूच. मंग पुन्हा. पाच किलोले मले आधीपेक्षा दुप्पट वेळ लागला, घाम निंघाला, पण उंडा बोटानं दाबून पाह्यला तर बोट वर आलं. रंगूनं पाह्यलं अन् सरकून जागा देल्ली. शेवंताबाईनं पह्यली पोळी शेकली, तोडली, खाल्ली, अन् म्हणे दहा किलो अजून काढ. दुपारी टोळीतली गुडघे दुखणारी एक म्हातारी माह्या बाकापाशी येऊन उभी राह्यली अन् तिथंच लाटू लागली.

आता तीस नाई मळत मी एकटी, पंधरा मळतो अन् पंधरा रंगू मळते. खुर्ची, भीत, बाटल्या सुटल्या नाईत, मॅडम म्हणे सोडलं तर मांस पुन्हा जाईल. काल तिकडच्या वस्तीत लग्न होतं, दोनशे पान. तुहे चाळीस हजार मजुरीतून थोडे थोडे फेडत आली, त्यातले राह्यलेले दोन हजार आज तुह्या हातात देल्ले. तू नको नको म्हणून राह्यली, म्या तुही मूठ धरून ठेवली, अन् माह्या पकडीतून तुले हात सोडवता आला नाई. तुह्या लेकराबाळायचं भलं होवो, सुखी राह्य. घेतले तवा मी एकशे एकवीस किलोची होती अन् फेडले ते सत्तर किलोच्या बाईनं, पण चाळीसचे चाळीस फिटले.