सावडीतली बग्गी

आमची बग्गी बघितलीय ना तुम्ही? घोड्याची नव्हे, इंजिनावर चालणारी; पुढं दोघांची सीट, मागं हौदा. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टनं विकायला काढली, ती मी शेतीला घेतली. आमच्या वडिवळ्यात ती सावडीत आहे. सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. शेजारच्या पारूमावशींनीच ठरवून टाकलं होतं, "भाऊ, ही बी एक मानूसच धरा."

यंदा भातलावणीत ती सगळ्यांची रोपं वाहत फिरली. शेवटी आमची पाळी आली. रोपं उपटली, जुड्या बांधून हौदा भरला, आणि चढावरच बग्गीचा बेल्ट तुटला. कामशेतचा मिस्त्री म्हणाला, "पुण्यावरनं मागवतो, परवा येईल." तोवर रोपं सुकून गेली असती. मी तिथंच डोक्याला हात लावून बसलो.

बघतो तर मावशी अख्खी आळी घेऊन आलेल्या, प्रत्येकाच्या डोक्यावर पाटी. मी म्हटलं, "मावशी, गाडीचं काम तुम्ही कशाला करताय?"

"सावडीतलं मानूस आजारी पडलं, तर त्याचं काम आपून करत न्हाई व्हय?"

दिवस मावळायच्या आत सगळी खाचरं लावून झाली. मी आभार मानायला गेलो, पण मावशी ऐकतील तर शपथ!

तिसऱ्या दिवशी बेल्ट बसला, बग्गी सुरू झाली. मी लगेच हौद्यात खताच्या गोण्या टाकायला लागलो, तर मावशी धावतच आल्या.

"अवो भाऊ, दोन दिस हलकं काम द्या की तिला! आत्ताच उठलीया आजारातनं."