शिंप्याचा हात

पायाला प्लास्टर घातलेल्या बाई हाडांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक वयस्कर शिंपी आणि त्याची मुलगी होती. त्या दोघांचं बोलणं, ऐकायचं नाही म्हटलं तरी बाईंच्या कानावर पडत होतं.

"बाबा, कोर्टासाठी दाखला देणारे डॉक्टर आहेत हे. गाडीने उडवल्यापासून हाताने काय काय होत नाही, ते सगळं सांगा."

"हाड जुळलंय की."

"एक्स-रेत जुळलंय! वकील काय म्हणाले? दुखापत गंभीर आहे हे दाखवता आलं नाही, तर दावा बारगळला. थोडं वाढवून सांगा."

"चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. वाढवून कधी सांगितलं नाही."

"निदान शर्टाची बटणं लावता येत नाहीत, एवढं तरी म्हणा."

"ती खरंच लावता येत नाहीत."

"काहीतरीच! मग आज कोणी लावली?"

"तुझ्या आईने."

"आणि दुकान? रोज जाता ना?"

"जातो. शेजारी शटर उघडून देतो, मी बसतो. आलेलं कापड दुसऱ्याकडे शिवायला धाडतो. बोटांना सुई कळतच नाही गं."

"आठ महिने? आई एका शब्दाने बोलली नाही मला."

"मीच शपथ घातली होती तिला."

आतून नंबर पुकारला. दोघंही उठली.

"बाबा, हेच सांगा आत. अगदी असंच."

"सांगतो. पण तू बाहेर थांब."