बिनपायाचा दांडा

आमचं मूळ गाव आर्वीकडचं, पण मी जन्मलो रायपुरातच, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. बाबा वॅगन दुरुस्तीले होते. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला का हिंदी, अन् पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, पोट्टे छत्तीसगढीत शिव्या देत, असा मी तिन्ही बोलींत वाढलो. देवराव नाव लिहा, वय सत्तरच्या वर दोन-तीन, नक्की विचारू नका. बाबाले वाटे पोरगा रेल्वेत चिकटावा, पण मी लागलो दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये, जिथं कुबड्या बनत, पोलिओच्या पायाले बांधायचे कॅलिपर बनत, नकली पाय बनत, अन् छत्तीस वर्षं तेच केलं, दुसरं काही मले येत नाही.

काय सांगू तुमाले, त्या कामात वजन म्हणजे सगळं काही. माणूस कुबडी दिवसभर उचलते, पाइप जरासा जड झाला का सांजेपर्यंत बगल सोलून निघते. आमचे मिस्त्री सांगत, आधी माणसाचं माप घे, मंग पाइप काप. अन् कुबडीचा पाय मजबूत कर, कारण सगळा भार तिथं उतरते, म्हणून खालच्या टोकात दुसऱ्या पाइपाचा तुकडा ठोकायचा, वरून रबराचा बूट. डोळे मिटूनही करू शकतो मी ते. रिटायर झालो तरी घरामागं टिनाची शेड आहे, बीरगांवहून पाइप आणतो, कोणी आलं तं करून देतो.

आता गौरी. गौरी म्हणजे माझ्या पोरीची पोरगी, ते लोक नवा रायपुरात राहतात. तिकडे तळ्यावर नेव्हीतले एक रिटायर साहेब पोरापोरींले शिडाची बोट शिकवतात, सगळे त्याइले सर म्हणतात. ही तिथं जाऊ लागली तं मी म्हटलं, समुद्र कुठं अन् आपण कुठं, शीड लावून जाणार कुठं तू, बाजूच्या अभनपुरले? तं म्हणे, आबा, जाना कहीं नहीं है, रेस लगानी है. मराठी सगळी समजते तिले, उत्तर मात्र हिंदीत. सुमन, म्हणजे आमची मंडळी, म्हणे, तुमाले पोहता येत नाही म्हणून तुम्ही जळून राहिले. तिचं बरोबरच होतं.

त्या बोटीत दोन पोरी असतात. एक सुकाणू धरते, दुसरी पुढची शिडं सांभाळते, ती गौरी. वारा मागून आला का समोर आणखी एक शीड सोडतात, पातळ कापडाचं, फुग्यावाणी फुगते, त्याले स्पिनेकर म्हणतात. ते बाहेर ताणून धरायले एक दांडा लागते, माणसाएवढा लांब, त्याचं एक टोक मधल्या डोलकाठीले अडकवायचं अन् दुसरं शिडाच्या कोपऱ्याच्या दोरीले. बोट वळली का तो दांडा या बाजूचा त्या बाजूले न्यायचा, हलत्या बोटीत उभं राहून, दोन्ही हात वर करून. हे सगळं मले नंतर कळलं, तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं.

तं झालं असं का धक्क्याले बोट लावताना तो दांडा मधात सापडला अन् मोडला. नवा बाहेरून यायले महिना लागणार, अन् टीमची निवड पंधरा दिवसांवर. सरनं एका वेल्डरकडून लोखंडी पाइपचा करून घेतला, मजबूत होता, पण जड. गौरी तेव्हा पंधरा वर्षांची, अंगानं बारीक. तिच्या हातून तो दोनदा सुटला, दुसऱ्यांदा तं तळ्यात बुडाला, सरनं एकाले बुडी मारून काढायले लावला. मंग सर म्हणाले, बेटा, दांडा हाच राहिला तं तुझ्या जागी मोठी पोरगी बसवावी लागेल. वाईट माणूस नव्हे ते, त्याइले बोट चालवायची होती.

रविवारी गौरी आली, मोडलेला दांडा माझ्यासमोर ठेवला अन् बसून राहिली. डोळे सुजलेले. सुमन म्हणे, कुबड्या बनवता ना, मंग हे काय वेगळं आहे. मलेही तसंच वाटलं अन् तिथंच मी फसलो.

आधी तं मी गौरीलेच उभं केलं अन् बगलेपासून माप घ्यायले लागलो. ती रडता रडता हसली, म्हणे, आबा, नाप नाव का लगेगा, मेरा नहीं. बरं, म्हटलं, मोडक्या दांड्याची लांबी घेतली. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप कापला, दोन्ही टोकांचे अडकवायचे स्प्रिंगवाले खटके जुन्या दांड्याचे काढून बसवले, अन् एका टोकात, सवयीनं, जाड तुकडा ठोकून रिव्हेट मारले. लोखंडीच्या अर्धंही वजन नाही भरलं. मी खूश, ती खूश, घेऊन गेली.

बुधवारी फोन. आबा, कभी हल्का लगता है, कभी भारी. मले राग आला. म्हटलं, दांडा एकच, वजन एकच, तुझ्याच हाताचं काही असेल. अन् फोन ठेवून दिला. सुमननं ताट वाढलं अन् गेली आत. दुसऱ्या दिवशी मी निघालो नवा रायपुरले. रस्ते एवढे रुंद अन् बस एक नाही, गाड्याच गाड्या, तास-दीड तास उन्हात उभा.

काठावर बसून पाहिलं. बोट वळली का गौरी डोलकाठीवरचं टोक सोडवे अन् तेच नव्या बाजूच्या दोरीले लावे, अन् दोरीवरचं टोक येई डोलकाठीवर. म्हणजे जे टोक आता आत, तेच पुढच्या वळणाले बाहेर. माझं जड टोक बाहेर गेलं का दांडा नाक खुपसे, पोरगी दोन्ही हातांनी वर ओढे, बोट डगमगे. तेव्हा मले दिसलं. या दांड्याले पायच नाही. खालचं टोक नाही, वरचं नाही. जन्मभर पाय बसवत आलो अन् होडीच्या दांड्यालेही बसवला. ती बाहेर आली तं सगळ्यांसमोर म्हटलं, गौरी, तुझा हात बरोबर होता, मीच चुकीचा बोललो. हव आबा, म्हणे, एवढंच.

सरले विचारलं, हा मोडते कुठं? म्हणाले, बीच में, काका, कारण शीड त्याले डोलकाठीवर रेटते. मंग समजलं, मजबुती मधात पाहिजे, टोकाले नाही. घरी येऊन पातळातला पातळ पाइप घेतला. मधात रिव्हेट नाही, कारण भोक पाडलं का तिथूनच मोडेल. नकली पाय बनवताना आम्ही साच्यावर काचेच्या धाग्याचा मोजा चढवून त्यावर रेझिन ओतत असू, वाळलं का हाडासारखं टणक. तसंच केलं, फक्त मधल्या हातभर भागाले, अन् वरचं फालतू सगळं घासून काढलं. टोकं दोन्ही सारखी, आत फोम भरला, पाणी शिरू नये म्हणून. हाताच्या एका बोटावर मधोमध ठेवला तं सरळ राहिला. आंगणातल्या टाकीत टाकला तं तरंगला. वाळेपर्यंत दोन दिवस मी उन्हात राखण करत बसलो, कारण शेजारच्या बकरीले सगळं चाटायची सवय.

निवडीच्या दिवशी सुमन अन् मी दोघं काठावर. गौरीनं चार वळणं घेतली. तिसऱ्या वळणाले खटका लागला नाही, दांडा सुटला असं वाटलं, पण तिनं तो हवेतच सांभाळला अन् अडकवला. सर मोटरबोटीतून घड्याळ धरून पाहत होते. बाहेर आले अन् म्हणाले, जगह गौरी की है.

ती माझ्याकडे आली नाही. दांडा घेऊन दुसऱ्या पोरींकडे पळाली, पकड़ के देखो, पकड़ के देखो, अन् त्या पोरी एकीच्या हातून दुसरीच्या हातात, डोक्यावर धरून, हसून राहिल्या. तुमाले खरं सांगतो, छत्तीस वर्षांत माझ्या हातची वस्तू घेऊन कोणी हसलं नव्हतं. कुबडी कोणाले पाहिजे असते? लोक मान खाली घालून घेत, पोराची आई भिंतीकडे पाही. चांगली बनली असं कोणी म्हणत नसे, अन् कोणत्या तोंडानं म्हणणार. मी तिथल्या बोटींच्या शेडच्या मागं जाऊन रडलो.

आता गौरी मोठी झाली, बापासारखी उंच, ती सुकाणूवर बसते. दांडा दुसऱ्याच पोरीच्या हातात असते, अभनपुरकडची आहे, लहानशी. गौरीनं सांगतलं तेव्हा मले वाईट वाटलं, खोटं काहून बोलू. म्हटलं, मी तुझ्या हातासाठी केला होता. म्हणे, अब उसको जरूरत है, आबा.

मागच्या महिन्यात ती पोरगी आली होती, खटक्याची स्प्रिंग झिजली म्हणून. शेडमध्ये भिंतीवर कुबड्या टांगलेल्या आहेत ना, त्याकडे पाहून तिनं विचारलं, दादाजी, ये किसके लिए बनाते हो? म्हटलं, ज्याइले लागते त्याइच्यासाठी. स्प्रिंग बदलून दिली, बरोबर आहे का पाहायले तिनं दांडा एका हातानं वर उचलला. माझे डोळे आता साथ देत नाहीत, तरी जोवर होते तोवर पोरींनी यावं, स्प्रिंग बदलून न्यावी. बस, त्या भिंतीवरचं काही कधी कोण्या पोरीले काढून द्यावं लागू नये.