रक्तपिशाचाची पोथी

...आणि वर सासू मला विचारते, "आंघोळ केलीस ना गो?" म्हंजे काय, तुमीच सांगा, रक्त पिणाऱ्या भुताची गोष्ट वाचायची, त्याला आंघोळ कशाला लागते? त्या पुस्तकात त्या भुतानं तीनशे वर्षांत एकदा आंघोळ केल्याचं लिहिलेलं नाय, आणि मी, शेणवे गावची चंदा, सकाळी भाकऱ्या थापून, धुणं आटपून, दुपारी पुन्हा डोक्यावरून पाणी घेतेय, का, तर पोथी वाचायची आहे. पोथी कसली... पाच पुस्तकांची मालिका ती, तरण्या पोरींनी हॉस्टेलात पांघरुणात घुसून वाचायची. कव्हरवर लाल डोळ्यांची बाई. त्या बाईला आमच्याकडं रोज हळदकुंकू लागत होतं.

तुमाला सांगते, चूक माझीच. पोरगी माझी, अक्षदा, नाशिकला नर्सिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत आली तेव्हा ही पाच पुस्तकं इथंच ठेवून गेली. 'निशाकुळ' नाव, भाग एक ते पाच, इंग्रजीवरून मराठीत केलेली. श्रावणातली दुपार, लावणी उरकलेली, मी आपली ओटीवर पाय पसरून पहिला भाग उघडला. शेजारी सासू, सकुबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, टीव्हीवरच्या सिरियली नुसत्या ऐकून कंटाळलेली. "काय वाचतेस? मोठ्यानं वाच." वाचलं एक पान. तिनं लगेच कुडापलीकडं शेजारणीला हाक मारली, "लहाने, ये गो, चंदेनी पोथी लावली."

आता आमच्याकडं श्रावणात पोथी लागते, तुमाला माहीत आहे. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी मान हलवायची. वाचणारे हनुमानकाका यंदा पोराकडं कल्याणला राहायला गेले, त्यामुळं आळीतल्या बाया श्रावणात रिकाम्या बसलेल्या. चौथ्या दिवशी बघते तर पाट मांडलेला, त्यावर लाल फडकं, उदबत्ती, आणि समोर आठ बाया. मी म्हटलं, "आई, ही पोथी नाय हो. ह्यात भूत आहे, माणसांचं रक्त पितं." तर म्हणते, "मग? पोथीत राक्षस नसतात काय? वाच. आणि एकदा लावली ना, पोथी अर्धी सोडायची नाय."

झालं. पोथी अर्धी सोडायची नाय. एका पुस्तकाची पानं चारशे, आणि पुस्तकं पाच.

अर्थ कोण सांगणार? तीच. गोष्ट काय, तर लोरा नावाची सतरा वर्षांची पोरगी, तिच्या वर्गात इवान नावाचा पांढराफटक पोरगा येतो, आणि तो निघतो तीनशे वर्षांचा रक्तपिशाच. मी अर्धं पान वाचायचं, हिनं पाऊण तास अर्थ सांगायचा. "इवान दिवसा झोपतो. म्हंजे कसा, तर आमचा म्हातारा भातसानगरला धरणावर रातपाळीला होता, तसा." बाया म्हणतात, हां, हां. "इवानला लसूण चालत नाय. म्हंजे काय समाजला? पोर श्रावण पाळतोय." बायांनी हात जोडले हो. रक्त चालतं, लसूण चालत नाय, आणि अख्ख्या आळीत सोवळा कोण, तर इवान. माझा नवरा, धनेश, एकदा लसणाची चटणी खाऊन ओटीवर आला, तर त्याला म्हणते, "त्या इवानकडून शिक काय तरी."

बरं, त्या इवानला बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाय, असा त्यांच्यात नियम. तो लोराच्या दारात उभा. उभा म्हंजे किती... बारा पानं. लहानीला ते सोसेना. "कवाचा उभा हाय पोर, पाणी तरी इचार गो त्याला," असं माझ्याकडं बघून म्हणाली, जसं काय मीच दार अडवून बसलेय. मग माझ्याच्यानं राहवलं नाय, मी वाचलं, 'लोरा म्हणाली, ये, बस, पाणी घे.' सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आणि मग ती पानं आली. कळलं ना कुठली? समोर आठ बाया, उदबत्ती जळतेय, काय वाचू मी? मी दोन पानं एकदम उलटली आणि म्हटलं, 'मग ते दोघं आपापल्या घरी गेले.' म्हातारी म्हणते, "पान जाड वाजला." डोळ्यांना पाट दिसत नाय, पण हे कळतं. "मागं जा. पोथी अर्धी सोडायची नाय." वाचलं हो. मान खाली घालून, रेडिओवर बाजारभाव सांगतात तसं वाचलं. आळीतल्या सोमीनं पदर तोंडात कोंबला. आणि म्हातारीनं त्याचाही अर्थ सांगितला... तो मी इथं सांगणार नाय.

तुमी म्हणाल, एवढा वैताग होता तर उठायचं होतंस. कशी उठू? माझी नड होती. धसईचं स्थळ आलेलं. भातगिरणीवाले, मुलगा प्रज्वल, त्यांना अक्षदा पसंत. म्हणाले, ह्या वैशाखात लग्न उरकू, शिक्षणाचं नंतर बघू. नंतर बघू... हे 'नंतर' कसं असतं ते मला विचारा. धनेशला म्हटलं, तुमी नाय म्हणून टाका, तर तो म्हणतो, "आयेला विचार." ह्या माणसाला शर्ट कुठला घालू हेसुद्धा आयेला विचारायचं असतं. आणि आयेला विचारलं तर म्हणते, "पोथी चालू असताना घरातला इषय काढायचा नाय. समाप्ती झाली का बघू." म्हंजे माझ्या पोरीचं नर्सिंग राहतं का जातं, ते समाप्तीला ह्या बाईच्या तोंडून बाहेर पडणार. मी वाचणं थांबवलं तर समाप्ती नाय, समाप्ती नाय तर निकाल नाय. आणि धसईवाले तिकडं मांडववाल्याकडं चौकशी करतायत. सांगा, उठू?

मग मी काय केलं... दुसऱ्या भागापासून पदरचं घालायला लागले.

अहो, त्या पुस्तकात लोराला काय व्हायचं असतं? काही नाय. तिला फक्त इवानची व्हायचं असतं. मी तिला नर्स केली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, वाचता वाचता, आवाज जरा सुद्धा न बदलता घातलं, 'तेव्हा लोरा म्हणाली, माझं नर्सिंग पुरं झाल्याबिगर मी बोहल्यावर उभी राहणार नाय.' म्हातारीनं जरा विचार केला आणि अर्थ सांगितला, "बरोबर हाय. हिला रक्त काढायचा काम येल, तर ह्यांच्या संसाराला उपेगी पडल." मी म्हटलं, लागली गाडी रुळाला. दोन दिवसांनी इवानच्या तोंडी घातलं, 'लोरा, मी तीनशे वर्षं थांबलोय, अजून दोन वर्षं थांबेन.' आणि हळूच म्हटलं, "बघा आई, भूत थांबतंय, पण धसईवाल्यांना दोन वर्षं दम निघत नाय." म्हातारी मिश्री लावत होती. अंगणात जाऊन थुंकून आली, बसली, आणि म्हणाली, "पुढं वाच."

बस, एवढंच. हो नाय, नाय नाय. तिसरा भाग वाचला. तिसऱ्यात इवानची भावकी येते, चाळीस भुतं, किल्ल्याच्या वाटणीवरून भांडतात, आणि नावं सगळी एकासारखी. म्हातारीला सगळी पाठ, मी चुकले तर मला टोकते, "तो चुलता, गो. पुतण्या मेला मागच्या शनवारी." चौथा भाग भातकापणीत. दिवसभर विळा चालवून यायचं, बोटांना फोड, पान उलटताना कागदाला रक्त लागलं, तर सोमी म्हणते, "आला गो बाय, इवान आला." मी म्हटलं, ये बाबा, पी एकदाचं आणि सोडव मला. शहापूरला डोळ्यांचं शिबिर होतं, मोतीबिंदू फुकट काढत होते, मी म्हटलं आता चार दिवस तरी सुटका. गेली नाय. का? पोथी अर्धी सोडायची नाय.

आणि मी घालतेय आपली पदरचं. लोराला वॉर्डात उभी केली, इंजेक्शनं द्यायला लावली, बाळंतपणं करायला लावली, चाळीस भुतांच्या भावकीत तिच्या शब्दाला मान दिला. म्हातारीचा चेहरा बघावा तर पाटा-वरवंट्याचा पाटा.

पाचव्या भागात मी थकले. दिवाळी होऊन गेलेली. एका दुपारी काय झालं कळलं नाय... लोराची आई पुस्तकात पहिल्याच भागात मेलेली, पण मी म्हटलं लोराला आईचं मागचं काही आठवतंय असं दाखवू, आणि माझ्या तोंडून आलं, 'लोराची आई बारावीला मुरबाडच्या कॉलेजात तिसरी आली होती. तिला शाळेत बाई व्हायचं होतं. डी.एड.चा फॉर्म तिनं भरून ठेवला होता. लग्न झालं, आणि तो फॉर्म सासूनं चुलीत घातला.' आणि थांबले. खरं सांगते, मला रडायला येत होतं. आणि रागही येत होता, असा की त्या आठ बायांना ओरडून सांगावं, हे पुस्तकात नाय, हे माझं आहे. लहानी म्हणाली, "आगं बाय, कसली सासू." म्हातारीकडं सगळ्या बघायला लागल्या, अर्थ सांगल म्हणून. तिनं अर्थ सांगितला नाय. म्हणाली, "आज इथंच राहू दे."

मी म्हटलं, संपलं. कळलं हिला. आता पोरीचं काय खरं नाय, आपल्याच हातानं आपण घालवलं.

पण दुसऱ्या दिवशी पाट मांडलेला. वाच. मी पुन्हा काही घातलं नाय, छापलेलं तेवढं वाचलं. कार्तिकातल्या सोमवारी समाप्ती झाली. नारळ फोडला, शिरा केला, पाच पुस्तकं पाटावर एकावर एक रचून त्यांना हार घातला. शेवटाला काय होतं, तर लोराच रक्तपिशाच होते. बाया हळहळल्या. म्हातारीनं शेवटचा अर्थ सांगितला, "काय नाय गो, लग्न झाला, सासरच्यांसारखी झाली." सगळ्यांना पटलं. उठल्या, शिरा घेऊन गेल्या.

मी म्हटलं आता. माझा घसा फाटलेला, धनेश समोर शिरा खातोय, मी म्हटलं, "आई, झाली समाप्ती. सांगा, धसईला काय कळवायचं?"

"धसईला?" म्हणते. "त्यांना मी गणपतीआधीच नाय सांगून मोकळी झाली. तो इवान दोन वर्षं थांबतो बोलला ना, त्याच दिवशी. धनेशनी फोन लावून दिला."

मी धनेशकडं बघितलं. तो वाटीत बघायला लागला. "आये बोलली, चंदेला सांगू नको." अक्षदाला फोन केला, तर तिलाही माहीत. "आई, आजी म्हणाली तू वाचणं बंद करशील." लहानीला माहीत, सोमीला माहीत. अख्ख्या आळीला माहीत, आणि मी एकटी हाताला फोड घेऊन चाळीस भुतांची बाळंतपणं उरकतेय.

मी म्हटलं, "मला का नाय सांगितलं?"

"सांगला असता तर पुढची तीन पुस्तकां वाचली असतीस काय?"

नसतीच वाचली. पुस्तकं उचलायला वाकले, तर म्हणते, "आणि तू पदरचा घालायचीस तो मना पहिल्या दिवशीच समाजला. पुस्तकातला वाचताना तू अडखळतेस. पदरचा बोलताना नाय अडखळत." बावीस वर्षांत ह्या बाईनं माझं काही चांगलं म्हटलेलं हे पहिलं, आणि ते असं.

मग वाटी चाटून पुसून झाल्यावर म्हणते, "एक खोटा घातलास पण. त्या आईचा फॉर्म सासूनी चुलीत नव्हता घातला."

मी हातातली पुस्तकं परत पाटावर ठेवली.

"माळ्यावर कणगीमागं ठेवला होता. ती मागंल तवा बघू, असा. उंदरांनी खाल्ला."

"मग बावीस वर्षं सांगितलं का नाय?"

"तू इचारला कवा?"

नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. मनातल्या मनात रोज भांडले, तोंडानं एकदा नाय विचारलं. बावीस वर्षं मी ह्या बाईवर डूख धरून बसले, आणि फॉर्म खाल्ला उंदरांनी... आता ह्या वयात काय मी उंदरांवर डूख धरू?